१३१५ च्या पावसात हॅन्सेल आणि ग्रेटेल

(दृश्य: चिखलात आडवं झालेलं पीक. पावसाचा आवाज.)

साल १३१५. उत्तर युरोपात वसंतात लागलेला पाऊस उन्हाळा सरला तरी उघडत नाही. १३१७ पर्यंत चाललेला हा ओला दुष्काळ.

हॅन्सेल आणि ग्रेटेल या भावंडांच्या जर्मन लोककथेवर कादंबरी लिहून ती या काळात बसवायची, तर आधी धान्याचा हिशेब मांडावा लागतो. त्या काळी एक पोतं पेरलं की साधारण चार हाती यायची. एक पुढच्या पेरणीला, तीन खायला. पीक निम्म्यावर आलं की पोती दोन. बियाण्याचं बाजूला काढलं की उरतं एक. पीक निम्मं, पण अन्न एक तृतीयांश! पोरांचा बाप लाकूडतोड्या, त्याच्याकडे तर शेतही नाही. त्याला उरलेल्या त्या पोत्यातलंच विकत घ्यायचंय. पोरांना जंगलात सोडून यायची भाषा घरात सुरू होते ती इथून. ही कथा छापणाऱ्या ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत ती सख्ख्या आईच्या तोंडी आहे. सावत्र आई आली १८४० च्या आवृत्तीत. कादंबरीत सख्खीच ठेवावी. सावत्रपणा आला की दोष भुकेवरून बाईवर जातो.

(दृश्य: ओल्या वाटेवर पांढरे खडे.)

परतीची वाट सापडावी म्हणून हॅन्सेल जाताना खडे टाकत जातो. ते चमकायला चांदणं लागतं, आणि आभाळ तर महिनोन्‌महिने भरलेलं. म्हणून पौर्णिमेच्या आगेमागे पाऊस एक-दोन दिवस उघडायला हवा. ही उघडीप आयत्या वेळी आणली तर सोय वाटते. आधीच्या प्रकरणात गाव गवत वाळवायला धावताना दिसलं, तर तीच रात्र खरी वाटते.

पोरांना दुसऱ्यांदा जंगलात नेतात त्या खेपेला दार बंद, खडे नाहीत, हातात फक्त पाव. राय नावाच्या धान्याचा, काळपट. त्याचे तुकडे रात्री दिसणार नाहीत, आणि ओल्या जमिनीवर त्यांचा लगदा होईल. पक्षी हवे असतील तर उजाडताच आणावेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो पाव त्या पोराचं दिवसभराचं जेवण आहे. प्रत्येक तुकडा टाकताना त्याचा हात थबकलाच पाहिजे.

वाट चुकलेली पोरं जंगलात ज्या म्हाताऱ्या चेटकिणीच्या घरी पोचतात, त्या घराच्या साखरेच्या खिडक्या मात्र सोडून द्याव्यात. तेव्हा साखर व्हेनिसच्या व्यापारातून यायची आणि औषध विकणाऱ्यांकडे मिळायची. या मुलांना तिची चवही ठाऊक नसणार. जंगलात गोड म्हणजे मध.

(दृश्य: दगडी भट्टी. आत जाळ.)

गोष्टीत म्हातारी ग्रेटेलला भट्टी तापली का ते आत शिरून बघायला सांगते, आणि ग्रेटेल तिलाच आत ढकलते. सगळ्यात जास्त चुका होतात त्या या भट्टीत. पावाच्या भट्टीत जाळ आतच घालतात, काही तास. घुमट आधी काजळीने काळा होतो. पुरेसा तापला की काजळी जळून दगड उजळतात. मग निखारे ओढून काढायचे, ओल्या फडक्याने तळ पुसायचा, चिमूटभर पीठ टाकून बघायचं. पीठ लगेच काळं पडलं तर थांबायचं, सावकाश तांबूस झालं तर पाव आत. ताप बघायला आत शिरावं लागत नाही. हे ग्रेटेलला ठाऊक असेल, तर म्हातारीचा डाव तिला तिथेच कळतो.

पण माप? भट्टीचं तोंड आतल्या घुमटाच्या उंचीच्या साधारण ६० ते ६५ टक्के ठेवतात. जास्त उंच केलं तर ताप निसटतो. ७५ सेंटिमीटरच्या घुमटाला तोंड जेमतेम ४५ ते ४९. त्यातून म्हातारीला आत ढकलणं अवघड. म्हणजे भट्टी अख्ख्या गावाला पुरेल एवढी मोठी लागेल. एकट्या बाईच्या घरात, जंगलात. आणि दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी ती तापवायला तिच्याकडे कोरडी लाकडं आहेत, पीठ आहे.

(दृश्य: अंधाऱ्या कोपऱ्यात रचलेली पोती. प्रत्येकावर वेगळ्या घराची खूण.)