पानशेतच्या साली, हेरोदाच्या काळी

(मॅसॅच्युसेट्समधल्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी. तिळगूळ घ्या, गोड बोला.

आधी एक विचारते. दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेले इथे किती जण आहेत? करा हात वर. बघा, पुढच्या दोन रांगांतच किती हात दिसताहेत! आता ज्यांचा जन्म खरोखरच १ जूनचा आहे, तेवढ्यांनीच हात वर ठेवा. ... बसा, बसा.

शाळेत नाव घालताना गुरुजींनी जे लिहिलं, तेच पुढे एस.एस.सी.च्या सर्टिफिकेटवर आलं, पासपोर्टवर आलं आणि सिटिझनशिपच्या कागदावरही आलं. घरी आईला विचारलं तर ती काय सांगायची? "पानशेत फुटलं ना, त्याच्या आदल्या श्रावणात. नागपंचमी व्हायची होती. पाऊस असा की सुईणीला आणायला गेलेला गडी ओढ्यापलीकडेच अडकला." तारीख तिला ठाऊक नव्हती, पण गडी कोणत्या ओढ्यापाशी अडकला ते ठाऊक होतं.

आज या विषयावर बोलायचं कारण माझी नात. आपल्या मंडळाच्या शाळेत शिकली, त्यामुळे तिला मराठी वाचता येतं, आणि याचा मला अभिमान आहे. डिसेंबरात आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप फिरला. २५ डिसेंबर हा येशूचा जन्मदिवस नाहीच, रोमन लोकांचा सूर्याचा सण उचलून तिथे चिकटवलाय, असा. त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. नातीने माझ्याच फोनवर तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या घरी जाऊन सांगून आली. मैत्रिणीचं घर मूळचं इटलीचं, कॅथलिक. खिडकीत गोठ्याचा देखावा मांडलेला, घरात कुकी भाजणं चाललेलं. मैत्रीण रडायला लागली. तिची आजी मात्र हात पुसत आली आणि म्हणाली, "बरोबर आहे बाळ. दिवस कुणालाच माहीत नाही. म्हणून आमच्या जुन्या लोकांनी एक दिवस ठरवला."

रात्री अंथरुणात नातीने मला विचारलं, "आजी, आपल्याकडे कुणी 'माहीत नाही' असं म्हणतं का गं?"

हा प्रश्न ऐकल्यापासून मी लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचते आहे. जे वाचलं त्यातलं थोडं आज तुम्हाला सांगते.

बायबलमध्ये येशूच्या चरित्राची चार पुस्तकं आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. त्यांपैकी मार्क आणि योहान येशूच्या जन्माची कथाच सांगत नाहीत. मत्तय आणि लूक सांगतात, पण दिवस नाही, महिनाही नाही. मग काळ कसा सांगतात? अगदी आपल्या आयांसारखा! मत्तय म्हणतो, हेरोद राजाच्या दिवसांत. लूक म्हणतो, क्विरिनियस सीरियाचा सुभेदार असताना शिरगणती झाली, तेव्हा. आणि इथेच घोटाळा होतो. योसेफस नावाच्या ज्यू इतिहासकाराने हेरोदाच्या मृत्यूआधी चंद्रग्रहण झाल्याचं लिहून ठेवलंय. त्यावरून बहुतेक अभ्यासक त्याचा मृत्यू इसवी सनापूर्वी ४ मध्ये धरतात. काही जण दुसरं ग्रहण धरून तो इसवी सनापूर्वी १ मध्ये नेतात. क्विरिनियसची शिरगणती मात्र त्याच योसेफसच्या सांगण्याप्रमाणे इसवी सन ६ च्या सुमाराची. म्हणजे एक काकू सांगते पानशेतच्या साली आणि दुसरी सांगते त्यानंतर दहा वर्षांनी. दोघीही मनापासूनच सांगताहेत.

लूक आणखी एक खूण देतो. तिबेरियस बादशहाच्या पंधराव्या वर्षी, म्हणजे इसवी सन २८-२९ च्या आसपास, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं काम सुरू झालं, आणि येशूने आपलं काम सुरू केलं तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, असं तो लिहितो. 'सुमारे' हा शब्द त्याने स्वतः घातलाय. त्या काळी तो जपून लिहीत होता, हे पाहून मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला.

सगळं एकत्र करून बहुतेक विद्वान जन्म इसवी सनापूर्वी ६ ते ४ या दरम्यान धरतात. म्हणजे ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व! हे झालं कसं? इसवी सन ५२५ मध्ये रोममध्ये डायोनिसियस नावाचा एक साधू ईस्टरच्या तारखांचं कोष्टक करत होता. तेव्हा वर्षं मोजायची ती डायोक्लेशियन बादशहाच्या राज्यारोहणापासून, आणि त्या बादशहाने तर ख्रिस्ती लोकांचा छळ केलेला. त्याच्या नावाने वर्षं मोजायची नाहीत असं या साधूने ठरवलं आणि ख्रिस्ताच्या जन्मापासून मोजणी धरली. त्याचा हिशेब काही वर्षांनी चुकला. पण मला त्यामागची भावना समजते. छळ करणाऱ्याचं नाव आपल्या पंचांगावर का वागवायचं? आज आपण मुलीच्या लग्नपत्रिकेत शके घालतो आणि खाली इसवी सनही घालतो, ते त्याच्याच कोष्टकातून आलेलं आहे.

आता २५ डिसेंबर. इसवी सन २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा ख्रिस्ती लेखक लिहितो की काही लोक जन्मदिवस मे महिन्यात धरतात, काही एप्रिलमध्ये. त्याच्या यादीत २५ डिसेंबर नाहीच. त्याच्यानंतर काही दशकांनी ओरिजेन हा दुसरा ख्रिस्ती विद्वान म्हणतो, धर्मग्रंथात वाढदिवस साजरे करतात ते मिसरचा राजा फारो आणि दुसरा एक हेरोद, सज्जन माणसं करत नाहीत. २५ डिसेंबरचा स्पष्ट उल्लेख सापडतो तो रोममधल्या ३५४ सालच्या एका पंचांगवजा संग्रहात, आणि त्यातली ती नोंद ३३६ च्या सुमाराची असावी असं मानतात. पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांचा दिवस ६ जानेवारी. आर्मेनियन चर्च आजही तोच पाळतं. इथून वॉटरटाउन किती जवळ आहे! तिथल्या आर्मेनियन दुकानातून आपण डाळी आणि बुल्गुर आणतो. पण त्यांचा नाताळ कधी असतो, हे आपल्यापैकी किती जणांनी त्यांना विचारलंय?

आणि तो सूर्याचा सण? ऑरेलियन बादशहाने २७४ साली रोममध्ये सूर्याचं मंदिर बांधलं हे खरं. पण २५ डिसेंबरला सूर्याचा उत्सव असल्याचा लेखी पुरावा त्याच ३५४ च्या संग्रहातला आहे. मग आधीचं कोण, कुणी कुणाचं घेतलं? अभ्यासकांचं एक मत, सूर्याच्या सणावरून घेतलं. दुसरं मत असं की येशूचा गर्भसंभव आणि मृत्यू एकाच तारखेला, २५ मार्चला, अशी जुनी समजूत होती, आणि त्यात नऊ महिने मिळवून हा दिवस काढला. मला दुसरं मत जास्त पटतं, पण वाद मिटलेला नाही. आपल्या निरोपात मात्र तो एका ओळीत मिटला होता.

आपण राहतो त्या मॅसॅच्युसेट्समध्येच १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. दंड लावणारे कोण? कडवे ख्रिस्तीच. हा दिवस बायबलमध्ये सांगितलेला नाही, मग पाळायचा कशाला, असं त्यांचं म्हणणं. हा कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. म्हणजे आपण डिसेंबरात एकमेकांना जे गुपित म्हणून पाठवतो, त्यावरून याच गावांमध्ये साडेतीनशे वर्षांपूर्वी दंडाचा कायदा झाला होता.

नातीचा प्रश्न होता, आपल्याकडे कुणी 'माहीत नाही' म्हणतं का. मंडळी, आपल्याकडे म्हणतात, खूप म्हणतात, पण ते आपण मुलांना ऐकवत नाही. तुकोबांच्या जन्मवर्षाबद्दल संशोधकांची चार-चार मतं आहेत. माउलींचा जन्म शके ११९३ चा की ११९७ चा, यावर शतकभर लिहिलं गेलंय. आणि शिवरायांची जयंती? वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ हीच तिथी किती पिढ्या धरून होत्या. मग जेधे शकावली, म्हणजे सालवार घटनांची एक जुनी नोंदवही, पुढे आली. १९१६ मध्ये लोकमान्यांनी ती प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ होती. महाराजांच्या काळातल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यानेही त्याला दुजोरा दिला. तरीही सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य करेपर्यंत २००१ साल उजाडलं. या सगळ्या काळात आपल्या थोर माणसांनी दफ्तरं उघडली, ग्रहणं तपासली, एकमेकांची मतं खोडली. त्याने महाराज कुणासाठी उणे झाले का? मग दुसऱ्याच्या घरातली तारीख डळमळीत दिसली की आपल्याला हसू का येतं?

आजचाच दिवस घ्या. आज संक्रांत नाही. शाळेचा हॉल शनिवारी मिळाला म्हणून आज संक्रांत. आणि खऱ्या संक्रांतीचं तरी काय? उत्तरायण आपण संक्रांतीपासून मानतो, पण सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरलाच. आपलं पंचांग नक्षत्रांवर चालतं, म्हणून संक्रांत दर सत्तरेक वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी. पानिपत संक्रांतीच्या दिवशी झालं असं आपण लहानपणापासून ऐकलं, पण १४ जानेवारी १७६१ ला त्या वर्षीची संक्रांत काही दिवस आधीच होऊन गेली होती. रोमन लोकही २५ डिसेंबर हाच सर्वांत लहान दिवस धरायचे, आणि त्यांच्याही पंचांगात ती तारीख खऱ्या लहान दिवसाच्या पुढे सरकली. माझ्या मते हे दोन्ही सण थंडीतल्या त्याच वळणाच्या आसपास उभे राहिलेत. मग त्या इटालियन आजीला तिळगूळ द्यायला मला संकोच का वाटावा? मी देऊन आले.

आता मला लागलेली काळजी सांगते. पुढच्या महिन्यात आपली शिवजयंती. तारखेने करायची की तिथीने, यावर ग्रुपवर आत्ताच जुंपली आहे. दोन्हीकडची माणसं माझ्या जिव्हाळ्याची आहेत. सभागृह अर्थातच जो शनिवार रिकामा असेल त्याच दिवशी मिळणार. आपल्या पिढीला तिथी, तारीख आणि शनिवार हे तिन्ही वेगळे ठाऊक आहेत. मुलांना फक्त शनिवार ठाऊक आहे. जेधे शकावली म्हणजे काय, ती कुणाच्या घरात जपली गेली, तिच्यातल्या एका ओळीने शंभर वर्षांचा वाद का पेटला, हे त्यांना मराठीत समजावून सांगायचं तर एक शिक्षक हवा. आपल्या शाळेत मोठ्या मुलांच्या वर्गाला सप्टेंबरपासून शिक्षक नाही. मी समितीला विचारलं, ओळखीच्या घरांत विचारलं. सगळे म्हणतात वेळ नाही, आणि ते खरंही आहे, दोघंही नोकरी करतात, येण्याजाण्यातच दोन तास जातात. नाव कुणाचंच पुढे आलेलं नाही. मुलं मात्र त्या शनिवारी येतील, फेटे बांधतील, आणि त्यातलं एखादं विचारेल की महाराजांचा वाढदिवस नक्की कधी. त्याला उत्तर द्यायला कोण बसणार आहे?