शेळी न्हाय, शेरडी

नमस्कार श्रोतेहो. जत तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत मी पहिली-दुसरीचा वर्ग घेते. काही वर्षांपूर्वी गावानं लोकवर्गणी काढली आणि आमची शाळा ‘डिजिटल’ झाली. म्हणजे एक प्रोजेक्टर आला, एक लॅपटॉप आला आणि भिंतीवर तसं रंगवून घेतलं. नारळ फोडला, पेढे वाटले.

पुढं काय झालं ते खरं सांगते. रोज दुपारी मी पेनड्राइव्हवरची गाणी लावायचे. कमळातून ‘क’ उडी मारून बाहेर यायचा, पोरं टाळ्या पिटायची. वर्ग गप्प, मी निवांत, तपासणीला आलेले साहेब खूश. वर्षाच्या शेवटी फळ्यावर नुसतं ‘कमळ’ लिहिलं, तर निम्म्या वर्गाला ओळखू येईना. वर्षभर पोरांनी फूल बघितलं होतं, अक्षराकडं कोण बघतंय!

तिकडं पेरू देशानं तर खेड्यापाड्यांतल्या मुलांना लाखांनी लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. भाषा आणि गणितात फरक काही दिसला नव्हता. ते वाचून मला जरा धीर आला, खोटं कशाला बोलू.

मग एका दुपारी लाईट गेली. प्रोजेक्टर बंद, लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू. दुसरीतली एक मुलगी घरची बातमी सांगत होती. ‘वाचता येत नाही’ या यादीत मीच तिचं नाव घातलं होतं. ती बोलली तसं मी टाइप केलं, ‘आमच्या शेळीला दोन करडं झाली.’ अक्षर चांगलं बोटाएवढं मोठं केलं. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “बाई, मी शेळी न्हाय म्हणलं. शेरडी म्हणलं.”

वाचता न येणाऱ्या पोरीला माझी चूक सापडली कशी, सांगा!

तेव्हापासून रोज दोघा-तिघांची वाक्यं आम्ही टाइप करतो. पोर बोललं तसंच, ‘शेरडी’ म्हटलं तर ‘शेरडी’च. पुस्तकातली शेळी पुढं भेटतेच की. बाजाराला गेले की झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणते, पदरचे पैसे घालून. वर्गाचं ते वाचायचं पुस्तक. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आहेत, चांगले आहेत, पण आमच्याकडं रेंज शाळेमागच्या टेकाडावर येते.

आता पोरं स्वतः टाइप करतात, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर, म्हणजे आपल्या भाषांसाठी बटणांची जी मांडणी ठरवलीय तिच्यावर. मी टायपिंगच्या क्लासला शिकले तेव्हा ‘कि’ काढायला वेलांटी आधी दाबायची आणि मग क, म्हणजे डोळ्याला दिसतं तसं. इन्स्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी, तोंडातून निघतं तसं. एक पोरगा ओरडलाच, “बाई, वेलांटी मागनं आली आन् पुढं जाऊन बसली!” वहीत पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला देणारा हाच पोरगा. जोडाक्षराचंही तसंच. म्हस लिहायची तर म, पाय मोडायचं बटण, ह, मग स. म मोडताना दिसतो, ह त्याला चिकटताना दिसतो. शब्द कुठं तुटतो हे मी फळ्यावर बोंबलून सांगायचे, ते स्पेसच्या बटणानं शिकवलं. शिवाय चुकलं तर खोडरबरानं कागद फाटत नाही, आणि लाजरी पोरं त्यानंच धीट होतात.

टाइप केलेलं वाक्य वहीत हातानं उतरवायचं, ही मात्र माझी सक्ती.

तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता यावं म्हणून २०२१ मध्ये केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं, मुदत २०२६-२७ ची. आमच्याकडं एक लॅपटॉप आणि वर्गात तेवीस पोरं. प्रत्येकाची पाळी दीड-दोन आठवड्यांनी येते. म्हणून ऐकणाऱ्या आईबापांना सांगते, तुमच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे. रात्री पोराला व्हिडिओ लावून देण्याआधी त्याला दिवसभरातलं एक वाक्य सांगायला लावा, त्याच्यासमोर टाइप करा आणि गावातल्या मामाला नाहीतर आजीला पाठवा. उत्तर आलं की त्यालाच वाचू द्या.

त्या मुलीनं परवा स्वतः टाइप केलं, ‘एक करडू बाजारात इकलं.’ मधे स्पेस दोनदा पडली होती. मी काही बोलायच्या आत तिनंच एक काढून टाकली.

नमस्कार.