रिपोर्टमधला १.० आणि पंचाहत्तरीची आजी

पत्रिकेवर विषय छापलाय ‘रक्तातील निर्देशक आणि उतारवयातील स्त्रियांचे दीर्घकालीन आजार’. ‘निर्देशक’ वाचून मागच्या रांगेत कुणी तरी ‘म्हणजे रस्त्यावरची पाटी का?’ असं विचारलेलं ऐकू आलं. बरोबर आहे, पाटीच. आपण मार्कर म्हणू. पुढच्या दहा-वीस वर्षांत हृदय, मूत्रपिंड, मेंदू यांचं काय होणार याचा अंदाज आजच्या रक्तावरून कितपत येतो, हे सांगायचं मी कबूल केलंय. त्याआधी एक तक्रार आहे, तेवढी उरकून घेते.

तक्रार पॅकेजांबद्दल. महिला दिन आला की ‘आईसाठी ७२ तपासण्या, अमुक रुपयांत’ असे मेसेज सुरू होतात. परगावची मुलं बुकिंग करून मोकळी होतात. पूर्वी संक्रांतीला वाण लुटायच्या, आता लिपिड प्रोफाइल लुटतात. हे ७२ येतात कुठून? एकट्या सीबीसीचेच, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचेच, वीस-बावीस धरलेले असतात. त्यात एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार), एमसीएच, एमसीएचसी (पेशीत हिमोग्लोबिन किती) ही हिमोग्लोबिन, पेशींची संख्या, हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा) या एकमेकांत गुंतलेल्या आकड्यांची नाती. बरीचशी मशीन भागाकार करूनच काढतं. कोलेस्टेरॉलचे दोन-तीन रेशो, तोही भागाकारच. एक जुडी कोथिंबीर घ्यायची आणि काड्या मोजून पिशवी जड झाली म्हणायचं, त्यातला प्रकार.

बरं, फुकट आकडे मिळाले तर बिघडलं काय? बिघडतं. नॉर्मलची मर्यादा साधारणपणे निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवर आखलेली असते. म्हणजे धडधाकट बाईचाही प्रत्येक तपासणीत ५ टक्के वेळा आकडा बाहेर जाणार. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर निदान एक तरी ठळक अक्षरात येण्याची शक्यता ६४ टक्के. मग त्या ठळक अक्षराच्या मागे सोनोग्राफी, तिच्यामागे सीटी स्कॅन. सीए-१२५ या प्रथिनाची तपासणी हे ठळक उदाहरण. ती अंडाशयाच्या कर्करोगाची चाळणी म्हणून पॅकेजात असते. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर ही चाळणी लावून पाहिली. २०२१ मध्ये निकाल आला, मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय हा आकडा पोटाच्या क्षयात वाढतो, लिव्हर सिरॉसिसमध्ये वाढतो, हृदय थकून पाणी साठलं तरी वाढतो.

पण माझा खरा राग ठळक अक्षरांवर नाहीच. तो साध्या अक्षरांवर आहे. रिपोर्टमध्ये काहीच ठळक नाही, म्हणून सगळे खूश, आणि नेमकी तिथेच गोची. हात वर करा, मूत्रपिंडाची खबर देणारं आपलं क्रिएटिनिन किती ते कुणाकुणाला पाठ आहे? हं. मागच्या काकांना सगळ्यांची साखर पाठ असणार.

समजा क्रिएटिनिन आलं १.०. लॅबची मर्यादा बहुतेक ०.६ ते १.१ च्या आसपास छापलेली. नॉर्मल, फाइल बंद. आता हे क्रिएटिनिन येतं कुठून ते बघा. स्नायूंमधल्या क्रिएटिनचा थोडा भाग रोज आपोआप क्रिएटिनिन होतो आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. म्हणजे आकडा दोन गोष्टींवर ठरतो, कचरा किती तयार होतो आणि किती उचलला जातो. पंचाहत्तरीच्या, दंड सुकलेल्या बाईच्या घरी कचराच कमी. घंटागाडी आठवड्यातून दोनदाच आली तरी अंगण स्वच्छ दिसतं.

सूत्रात घालून बघू. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यावरून मूत्रपिंडं मिनिटाला किती मिलिलिटर गाळतात याचा अंदाज म्हणजे ईजीएफआर. २०२१ चं सीकेडी-ईपीआय सूत्र घेतलं, तर तीस वर्षांच्या पुरुषाचं १.० म्हणजे ईजीएफआर सुमारे १०४. पंचाहत्तरीच्या बाईचं तेच १.० म्हणजे सुमारे ५९. साठच्या खाली तीन महिने राहिलं तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. एकच आकडा, तो गडी ठणठणीत आणि ही बाई उंबरठ्यावर.

घाबरू नका, ५९ म्हणजे डायलिसिस नव्हे. पुढचं पाऊल स्वस्त आहे. सकाळची पहिली लघवी, त्यात अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीतून प्रथिन किती गळतंय ते. ३० च्या खाली असेल तर बराच दिलासा. पण गोळ्यांचा डबा उघडावाच लागतो. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅक, बीपीसाठी टेल्मिसार्टन, पायाच्या सुजेसाठी पाण्याची गोळी. तिन्ही घरोघरी सापडतात आणि एकत्र आल्या की मूत्रपिंडाला चहूकडून दाबतात. त्यात जुलाब लागले की आठवडाभरात १.० चं २.५ होऊ शकतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचंही तसंच, ईजीएफआर ४५ खाली गेलं की डोसचा फेरविचार आणि ३० खाली गेलं की बंद.

अजून एक मेख आहे. सूत्रातही क्रिएटिनिनच असल्यामुळे फारच वाळलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या बाईत ५९ हासुद्धा फुगवलेला आकडा असू शकतो. तिथे सिस्टॅटिन-सी या दुसऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी करावी, त्याचा स्नायूंशी फारसा संबंध नाही. मात्र स्टेरॉइड चालू असेल किंवा थायरॉइड बिघडलेलं असेल तर तेही फसवतं. आणि रविवारी मटण हाणून सोमवारी सकाळी रक्त देऊ नका, शिजलेल्या मांसामुळे क्रिएटिनिन तात्पुरतं वर जातं. शाकाहारी मंडळींनी एवढ्यात कौतुकाने माना हलवू नयेत, तुमचं बी-१२ पुढे येतंय.

एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढा काळ तिला साखर चिकटत राहते. लोह कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा वर दिसतो. ६.६ आलं, मधुमेहाचा शिक्का बसला. मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, ताज्या पेशी आल्या, तीन महिन्यांत ६.१. श्रेय गेलं मेथीच्या पाण्याला. म्हणून हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर फक्त एचबीए१सीवर निदान करू नये, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर सोबत बघावी. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा, अंश असू शकतो, त्याने काही पद्धतींत आकडा चुकतो, तिथे तर लॅबला कोणत्या पद्धतीने केलं ते विचारावंच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आपण ऐकतो, पण ती मोजणी १५ ते ४९ वयाची. पन्नाशी उलटली की बाई त्या तक्त्यातून गळते. आणि खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. पाळी थांबल्यावर लोह कमी होत असेल तर रक्त जातंय कुठे? अ‍ॅस्पिरिनने पोटात व्रण झालाय का, आतड्यात गाठ आहे का, हे बघण्याआधी टॉनिकची बाटली आणू नका. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, १५ च्या खाली म्हणजे लोह संपलंच. पण संधिवातासारख्या आजाराने अंगात दाह असेल तर फेरिटिन उगाच वर दिसतं, तिथे ७० पर्यंतही कमतरता असू शकते. आणि बी-१२: वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतल्याने, किंवा दूध-अंडी नसलेल्या आहाराने ते घटतं. लोहाची कमतरता पेशी लहान करते, बी-१२ ची मोठी. दोन्ही एकत्र असल्या की सरासरी एमसीव्ही ८८, झकास नॉर्मल! अशा वेळी शेजारचं आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) बघा, ते वाढलेलं असतं.

आणि हे सगळं रक्त नीट काढलं असेल तरच. घरी येणारा मुलगा घाईत असतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, तेही पोटॅशियमचं मीठ, आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं. पिवळ्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं थोडं ओतलं, की रिपोर्ट येतो पोटॅशियम ८, कॅल्शियम ४. असा माणूस चालत लॅबमध्ये येऊन भांडत नाही, तो आयसीयूत असतो. क्रम लक्षात ठेवा: पिवळी आधी, मग जांभळी, शेवटी साखरेची करडी. दंडाचा पट्टा एका मिनिटाच्या वर नको, मूठ उघडझाप करू नका. साखर साध्या नळीत तशीच पडून राहिली तर पेशी तासाला ५ ते ७ टक्के खाऊन टाकतात.

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे’. सात? पत्रिकेवरचा विषय अजून सुरूच व्हायचाय! भराभर घेते.

हृदय. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या २७,९३९ निरोगी स्त्रियांचा ३० वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. सरासरी पंचावन्नाव्या वर्षी एकदाच रक्त घेऊन तीन गोष्टी मोजल्या: एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), लायपोप्रोटीन-ए (त्याचाच एक भाऊबंद कण) आणि हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी (अंगातल्या दाहाची खूण). सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यातल्या स्त्रियांना सर्वांत खालच्या हिश्श्याच्या तुलनेत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका सीआरपीने ७० टक्के, एलडीएलने ३६ आणि लायपोप्रोटीन-एने ३३ टक्के जास्त. लायपोप्रोटीन-ए बहुतांशी आनुवंशिक, एकदा मोजलं की पुरे, ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर मुलींनाही सांगा. सीआरपी १ च्या खाली चांगलं, ३ च्या वर धोका, १० च्या वर असेल तर सर्दी-दाढदुखी काहीतरी आहे, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा.

मेंदू. पी-टाऊ २१७ या, अल्झायमरची खूण असलेल्या प्रथिनावर आधारलेल्या रक्ततपासणीला अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली, पण विसरभोळेपणाची लक्षणं असलेल्यांसाठी, ५५ च्या पुढे. चष्मा शोधणं यात येत नाही. मूत्रपिंड थकलेलं असेल तर हाही आकडा वाढतो, म्हणजे पुन्हा आपलं ते क्रिएटिनिन.

थायरॉइड. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, वयाबरोबर थोडं वर सरकतंच. पासष्टीच्या पुढे ते किंचित वाढलेलं असताना गोळी देऊन लक्षणांत फरक पडला नाही, हे २०१७ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. डोस जास्त झाला तर हाडं झिजतात आणि नाडी बेताल होते.

हो, संपवतेय. केसांसाठीच्या गोळ्या कोण कोण घेतं? लाजू नका. त्यात ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन हे जीवनसत्त्व असतं, शरीराला लागतं ३० मायक्रोग्रॅम. बऱ्याच मशीनमध्ये त्यामुळे टीएसएच खोटं कमी आणि थायरॉइडचं संप्रेरक टी-४ खोटं जास्त येतं, आणि हार्ट अटॅकचं ट्रोपोनिन खोटं कमी. तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, आणि छातीत दुखून इस्पितळात गेलात तर ही गोळी घेता हे आधी सांगा. प्रश्न चहाच्या टेबलाशी विचारा. रिपोर्ट आणले असतील तर मागचे दोन-तीनही सोबत द्या, एकट्या कागदावर मी काही बोलणार नाही.