डॉक्टरांच्या कागदावरचं ‘होपलेस’

नमस्कार मंडळी.

कोल्हापूरहून आई-वडील इकडे परदेशात राहायला आले, की कधी ना कधी डॉक्टरांकडे जाणं होतंच. तिथं बऱ्याचदा नऊ प्रश्नांचा एक कागद हातात पडतो. त्याचं नाव पीएचक्यू-नाइन. माणसाला नैराश्य, म्हणजे डिप्रेशन, आहे का याचा अंदाज त्यावरून घेतात. त्यातल्या दुसऱ्याच प्रश्नात ‘होपलेस’ हा शब्द आहे, आणि घोटाळा तिथंच होतो.

आपण मराठीत हा शब्द भलत्याच अर्थानं वापरतो. ‘काय होपलेस माणूस आहे’ म्हणजे बिनकामाचा, नालायक. रस्ता होपलेस, हॉटेल होपलेस. मग मुलगा विचारतो, “आबा, तुम्हाला होपलेस वाटतंय का?” उभ्या जन्मात कुणापुढं हात न पसरलेले आबा ताठ होऊन म्हणतात, “मी कशाला होपलेस?” रकान्यात शून्य पडतं. प्रश्न मात्र वेगळाच होता: इथून पुढं काही बरं होईल ही आशाच उरली नाही, असं वाटतं का? स्वतःच्या लायकीबद्दल सहाव्या प्रश्नात विचारलेलं आहे, तो निराळा.

इंग्रजीत बोलतानाही जपावं लागतं. ‘ही इज होपलेस’ म्हटलं की ऐकणारा समजतो, या माणसाकडून काही अपेक्षाच ठेवायला नको. आपल्याला म्हणायचं असतं ‘ही फील्स होपलेस’. ‘डेस्परेट’ तर आणखी वेगळा. ‘डिस्पेअर’ म्हणजे आशा पार संपणं. दोन्ही शब्दांचं लॅटिन मूळ एकच, पण डेस्परेट माणूस अजून धडपडत असतो, वाट्टेल ते करून सुटका शोधत असतो. आशा संपलेला माणूस बहुधा गप्प होतो. घरात तो त्रास देत नाही, म्हणून लक्षातही येत नाही.

आपल्याकडची वडीलधारी माणसं ‘निराश वाटतंय’ असं क्वचितच म्हणतात. ती म्हणतात, “कशात जीव रमंना”, “आता काय व्हायचं ऱ्हायलंय?”, “औषध घिऊन काय उपेग?” हे तिसरं वाक्य फार महत्त्वाचं. उपचारांचा उपयोगच नाही असं ज्याला वाटतं, तो गोळ्या चुकवतो, जेवण टाळतो. तेव्हा प्रश्नाचं भाषांतर न करता सरळ विचारा: “पुढं काय बरं हुईल असं वाटतंय का न्हाई?” आणि जे उत्तर येईल, ते त्यांच्याच शब्दांत डॉक्टरांना सांगा.

दिवसांचा हिशेबही चुकतो. प्रश्न गेल्या २ आठवड्यांपुरताच असतो. अजिबात नाही ०, काही दिवस १, अर्ध्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. “कधीमधी” या उत्तरावर थांबू नका; त्या दोन आठवड्यांतला एकेक दिवस आठवायला लावा. बेरीज २७ पर्यंत जाते. १० किंवा जास्त आली, तर डॉक्टर पुढची तपासणी करतात. नुसत्या बेरजेवरून आजार ठरत नाही. थायरॉइड किंवा बी-१२ कमी असलं तरी मरगळ येते, म्हणून रक्तही तपासलं जातं.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. “देवानं आता न्यावं” हे आपल्याकडं सहज बोललं जातं, म्हणून परस्पर शून्य लिहू नका. हे नेहमीचं बोलणं आहे की अलीकडं सारखं मनात येतंय, हे विचारा. जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का, हेही स्पष्ट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि आई-वडिलांना एकटं सोडू नका. गावाकडं असतील तर गोळ्या आणि शेतातली औषधं कुलपात ठेवायला सांगा.

या प्रश्नाला सुनेसमोर किंवा मुलासमोर खरं उत्तर मिळणं अवघड असतं. डॉक्टरांकडं मराठी दुभाषा मागा, आणि तेवढा वेळ आपण खोलीबाहेर थांबा. पीएचक्यू-नाइनचं मराठी भाषांतरही आहे. भेटीची वेळ घेतानाच ते मागून ठेवा.

आई-वडील कोल्हापुरातच असतील, तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलण्यासाठी सरकारची टेली-मानस सेवाही आहे, नंबर १४४१६. ती २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. हा छोटा नंबर भारतातल्या फोनवरून लावायचा. त्यामुळं इथून धडपडण्यापेक्षा तो आजच भावाला, बहिणीला किंवा शेजारच्या काकूंना पाठवून ठेवा.