साताऱ्याचा खासदार : पाटी तीच, घर दुसरं

रामराम मंडळी. तर शेवटी बसलोय एकदाचा कॅमेऱ्यासमोर. गेला महिनाभर कमेंटमध्ये एकच चाललंय, दादा सातारा लोकसभेचा इतिहास सांगा, दादा सातारा गादीचा, म्हणजे छत्रपतींच्या राजघराण्याचा, का पवारांचा ते एकदा सांगून टाका. एकानं तर पेढ्यांच्या दुकानावरच्या व्हिडिओखाली हे विचारलंय, म्हणजे मी तिथं कंदी पेढा खातोय आणि खाली दोघं १९९९ वरून भांडतायत. त्यामुळं म्हणलं, एकदा होऊनच जाऊ दे.

बेसिक पटकन उरकतो, ते तुम्हाला माहितीये. लोकसभेच्या एका मतदारसंघात सहा विधानसभा. साताऱ्यात वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा. झालं. आता बोटं मोजा, जिल्ह्यात विधानसभा किती? आठ. मग उरलेल्या दोन कुठं गेल्या? फलटण आणि माण. त्या दोन्ही माढ्यात जातात. आज माझं सगळं बोलणं या दोन बोटांभोवतीच फिरणार आहे, कारण निम्म्या कमेंट इथंच घसरतात.

माझी आत्या फलटण तालुक्यात दिलीय. २०२४ ला ७ मेच्या दुपारी तिचा फोन, "अरे यंत्रावर महाराजांचं नावच न्हाई, काय घोटाळाय का?" मी म्हणलं, आत्या, घोटाळा नाही, उदयनराजे महाराज साताऱ्यात उभे आहेत, तू माढ्यात आहेस. तर ती म्हणते, "मी कशाला माढ्यात, मी घरी हाय की." आता काय बोलणार? आणि चूक तिची नाहीच ओ. आधारवर जिल्हा सातारा, सात-बारावर जिल्हा सातारा, गाडीचा नंबर एमएच ११, सगळी कामं साताऱ्याला, आणि मत तेवढं माढ्याला. माढा सोलापूर जिल्ह्यात, तिनं जन्मात बघितलेलं नाही.

तर पहिलं वाक्य लिहून घ्या, जिल्हा वेगळा, मतदारसंघ वेगळा. आणि दुसरं त्याहून महत्त्वाचं, २००९ च्या आधीचा सातारा मतदारसंघ वेगळा आणि नंतरचा वेगळा. नाव तेच ठेवलंय म्हणून आपण फसतो. घरावरची पाटी तीच, पण आतल्या भिंती पाडून शेजारच्या दोन खोल्या घेतल्या आणि मागची पडवी दुसऱ्याला देऊन टाकली, असं झालंय.

आता इतिहास. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत तर नुसतं सातारा असं काही नव्हतंच. उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. दक्षिण सातारा म्हणजे आजचा सांगली जिल्हा. म्हणून सांगलीवाले कमेंटमध्ये येऊन "क्रांतिसिंह आमचे" म्हणतात तेव्हा त्यांचंही बरोबर आणि सातारवाल्यांचंही बरोबर. क्रांतिसिंह नाना पाटलांचं गाव येडेमच्छिंद्र, आज सांगली जिल्ह्यात. ४२ नंतर त्यांनी ज्या भागात प्रतिसरकार चालवलं तो तेव्हा सगळा साताराच. पुढं १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राची लाट आली आणि नाना पाटील सातारा मतदारसंघातून खासदार झाले. कम्युनिस्ट पक्षाकडून! हे सांगितलं की आजची पोरं खोटं समजतात. सातारा, लाल बावटा, खासदार. होय, झालंय असं. आणि त्याच साली यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असून कराड विधानसभेला थोडक्यात वाचले होते, इतकी ती हवा होती. आमचे आजोबा सांगायचे, त्या निवडणुकीत घरात दोन भाऊ दोन पक्षात आणि जेवायला एकाच ताटात.

१९६२ ला काँग्रेसचे किसन वीर. हेही प्रतिसरकारातलेच, भुईंजच्या कारखान्याला ज्यांचं नाव आहे ते. म्हणजे गंमत बघा, १९५७ ला भूमिगत चळवळीतला एक माणूस कम्युनिस्ट म्हणून खासदार झाला आणि ६२ ला त्याच चळवळीतला दुसरा काँग्रेसचा म्हणून झाला. इथं पक्षापेक्षा माणूस ओळखीचा लागतो, हे आजचं नाही.

मग १९६७ पासून यशवंतराव. ६७, ७१, ७७, ८०, चार वेळा. आणि इथं माझ्या डोक्यात जाणारी कमेंट येते, "यशवंतराव कराडचे, मग ते कराडचे खासदार असतील ना, व्हिडिओ नीट बनवत जा." नाही ओ भाऊ. विधानसभेला कराड, लोकसभेला सातारा. मधे १९६३ ला संरक्षणमंत्री असताना नाशिकमधून बिनविरोध निवडून आले होते, ते वेगळं. पण कराड नावाचा लोकसभा मतदारसंघ तेव्हा स्वतंत्र होता आणि तिथं दुसरं चव्हाण घराणं होतं, दाजीसाहेब चव्हाण, त्यांच्यानंतर प्रेमलाकाकी, मग पृथ्वीराज. पृथ्वीराजबाबा दाजीसाहेब आणि प्रेमलाकाकींचे चिरंजीव, यशवंतरावांचे नव्हेत. हे मी आता चौथ्यांदा सांगतोय, याच्यापुढं विचारलं तर पिन कमेंट दाखवणार.

(इथं जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी-शेजारी लावायचा.)

म्हणजे २००८ पर्यंत आपल्या भागात सातारा आणि कराड असे दोन मतदारसंघ होते. २००१ च्या जनगणनेवरून पुनर्रचना झाली, २००९ ला पहिल्यांदा त्या नकाशावर मतदान झालं. कराड नावाचा लोकसभा मतदारसंघच पुसला गेला. कराडचा भाग साताऱ्यात आला, माढा नवीन झाला, फलटण-माण तिकडं. नुसती लोकसभा नाही, विधानसभेचीही जावळी गेली, खटाव गेला. शशिकांत शिंदे १९९९ आणि २००४ ला जावळीचे आमदार, २००९ ला मतदारसंघच गायब, मग कोरेगावला येऊन लढले आणि जिंकले. माणूस तोच, मतदारसंघ पायाखालून सरकला.

अजून पटत नसेल तर दुसऱ्या बाजूनं या. श्रीनिवास पाटील. "साहेब १९९९ ला साताऱ्यातून जिंकले होते" असं मला रोज कोणीतरी सांगतं. कराडातून जिंकले होते! राष्ट्रवादी नवीन निघाली होती, समोर पृथ्वीराज चव्हाण होते, त्यांना पाडून. २००४ लाही कराडच. साताऱ्याला त्याच दोन निवडणुका लक्ष्मणराव पाटील जिंकले. श्रीनिवास पाटील साताऱ्याचे खासदार झाले ते थेट २०१९ च्या पोटनिवडणुकीत, मधे सिक्कीमचे राज्यपाल होऊन आल्यावर.

आणि तिसरी बाजू, ही माझी आवडती. १९९६ ला साताऱ्यात शिवसेनेचे हिंदुराव नाईक निंबाळकर निवडून आले. घर फलटणचं. २०१९ ला त्यांचे चिरंजीव रणजितसिंह खासदार झाले, भाजपकडून, पण कुठून? माढ्यातून. बाप साताऱ्याचा खासदार, मुलगा माढ्याचा, आणि घर काही हललेलं नाही. यापेक्षा सोपं उदाहरण माझ्याकडं नाही. आत्याला पण हेच सांगितलं, तिला पटलं.

बरं, मागं जाऊ, १९८० राहिलंच की. राज्यात इंदिरा काँग्रेसनं ४८ पैकी ३९ घेतल्या होत्या आणि यशवंतराव अर्स काँग्रेसकडून, म्हणजे इंदिराजींच्या विरोधातल्या काँग्रेसकडून उभे. महाराष्ट्रात त्या पक्षाचा एकच खासदार आला, तो साताऱ्याचा. उपपंतप्रधान राहिलेला माणूस, दिल्लीत एकटा पडलेला, पण इथल्या लोकांनी सोडलं नाही. २५ नोव्हेंबर १९८४ ला ते गेले आणि महिन्याभरात निवडणूक लागली. तिथून प्रतापराव भोसले तीन वेळा, ८४, ८९, ९१.

आणि आता गादीवाल्या कमेंटकडं. "१९८४ पासून सातारा गादीकडंच आहे." अरे बाबा, आडनाव भोसले दिसलं की राजघराणं नसतं! प्रतापराव भुईंजचे. राजघराण्यातला पहिला खासदार १९९८ ला झाला, अभयसिंहराजे, शिवेंद्रराजेंचे वडील, काँग्रेसकडून. म्हणजे १९५२ ते ९८, एवढी वर्षं गादी साताऱ्यात होती पण साताऱ्याची खासदारकी गादीकडं नव्हती. मला गादीबद्दल आदर आहे, तुमच्याएवढाच आहे, पण सनावळी सनावळीच्या जागी. आणि उलट्या बाजूनं जे "बालेकिल्ला बालेकिल्ला" करतात त्यांनाही सांगतो, ५७ ला कम्युनिस्ट, ९६ ला शिवसेना, २०२४ ला भाजप. बालेकिल्ल्याचे दरवाजे अधनंमधनं उघडतात बरं का.

२००९ पासून उदयनराजे. आणि इथं माझी दुसरी चीड, लीड. आपल्याकडं निकाल लागला की पोवई नाक्यावर पहिला प्रश्न, लीड किती. मतं किती पडली हे कोणी विचारत नाही. मी एका रात्री बसून आकडे वहीत लिहून काढले, तेव्हा मलाच नवल वाटलं. ऐका.

२००९ ला लीड २,९७,५१५. २०१४ ला ३,६६,५९४, सगळ्यात मोठं. एप्रिल २०१९ ला १,२६,५२८. मग राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबर २०१९ च्या पोटनिवडणुकीत ८७,७१७ नं पराभव. २०२४ ला पुन्हा विजय, लीड ३२,७७१. नुसतं एवढं बघितलं तर वाटतं, केवढी चढउतार.

आता त्यांना पडलेली मतं बघा. ५,३२,५८३. मग ५,२२,५३१. मग ५,७९,०२६. पडले तेव्हा ५,४८,९०३. आणि २०२४ ला ५,७१,१३४. दिसलं का काही? सगळ्यात मोठं लीड ज्या साली, त्याच साली मतं सगळ्यात कमी! आणि ज्या निवडणुकीत पडले त्यात २०१४ पेक्षा सव्वीस हजार मतं जास्तच होती. मधल्या काळात मतदार वाढले, ते मान्य, पण पक्ष घड्याळाचा कमळ झाला तरी हा माणूस सव्वापाच ते पावणेसहा लाखांच्या आसपासच फिरतोय. हलतंय ते समोरचं. २०१४ ला समोर मतं फुटलेली, दोन नंबरला अपक्ष, दीड लाखाच्या आसपास. पोटनिवडणुकीत समोरची सगळी मोट श्रीनिवास पाटलांमागं बांधली गेली, ६,३६,६२०.

पोटनिवडणूक म्हणलं की पाऊस आलाच. १८ ऑक्टोबरची सभा, जिल्हा परिषदेचं मैदान, पवारसाहेब भिजत उभे. मी होतो तिथं. खोटं सांगत नाही, पहिली दहा मिनिटं मी स्टेजकडं बघतच नव्हतो, मोबाईल कुठं लपवू हेच चाललेलं, शेवटी शेजारच्या काकांनी पिशवी दिली, खताची. फोटो एकही नाही माझ्याकडं. पण "पावसानं निवडणूक फिरवली" असं म्हणणाऱ्यांनी एक सांगा, पोटनिवडणुकीचं मतदान झालं त्याच दिवशी, त्याच केंद्रावर, सातारा विधानसभेला शिवेंद्रराजे भाजपकडून निवडून आले. मग पाऊस फक्त एकाच यंत्रावर पडला का? लोकांनी दोन बटणं वेगवेगळा विचार करून दाबली. सहा महिन्यांपूर्वी निवडून दिलं आणि राजीनामा देऊन परत मत मागायला आलात, हा राग मी तरी गावात स्वतःच्या कानानं ऐकलाय, पावसाच्या आधी.

आता पिपाणी. मला माहितीये, निम्मे लोक इथपर्यंत थांबलेत ते यासाठीच. २०२४ ला उदयनराजेंसमोर पवारसाहेबांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे, त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, त्यांना ५,३८,३६३. एक अपक्ष होता, चिन्ह ट्रम्पेट, ज्याला आपण पिपाणी म्हणतो, त्याला ३७,०६२. पराभव ३२,७७१ चा. वजाबाकी करा, ४,२९१ उरतात. त्यावरून एक गट म्हणतो, पिपाणीनं पाडलं, विषय संपला.

संपला नाही ओ. ती जवळजवळ सगळीच मतं चुकून पडली असं धरलं तरच हे गणित बसतं, म्हणजे शंभरातली साधारण अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद मतं तुतारीचीच होती असं धरावं लागतं. चुकली नसतील असं मी म्हणत नाही, बरीच चुकली असणार, एरवी कोणाला नावही माहीत नसलेल्या अपक्षाला इतकी मतं पडत नाहीत. आमच्या शेजारच्या आजी मतदान करून आल्या आणि म्हणाल्या, "वाजवायचं दाबलं बघ." कुठलं वाजवायचं, ते त्यांनाच नक्की सांगता येईना. माणूस होता का चित्रात? "माणूस कशाला बघू, वाजवायचं बघितलं." आता हे मत कुठं धरायचं, तुम्हीच सांगा. पण दुसरी बाजू पण बघा, भाजपला साताऱ्याची लोकसभा तोवर कधीच मिळाली नव्हती आणि मिळाली ती अशी, घासून. आणि सहाच महिन्यांत विधानसभेला जिल्ह्यातल्या आठच्या आठ जागा महायुतीला. पृथ्वीराजबाबा कराड दक्षिणेत पडले. म्हणून "पिपाणी नसती तर सातारा तसाच होता" हेही मला अर्धवट वाटतं. तुम्हाला वाटत असेल तर लिहा खाली, पण आकड्यासकट लिहा, नुसता हसायचा इमोजी टाकू नका.

एक माझी चूक पण सांगून टाकतो. मागच्या एका व्हिडिओत मी "आठ तालुक्यांचा सातारा मतदारसंघ" असं बोलून गेलो होतो. तालुके अकरा, विधानसभा आठ, मतदारसंघात सहा. तिन्ही आकडे एकाच वाक्यात खाल्ले मी. ज्यानं पकडलं त्याची कमेंट पिन केलीय, नाव वाचत नाही, पण माणूस दहिवडीचा आहे, म्हणजे तोही माढ्याचाच.

तर फलटण-माणवाल्यांनो, तुमचा व्हिडिओ माढ्याबरोबर येईल, २००९ ला पवारसाहेब तिथं कसे उभे राहिले तिथून सुरू करणार आहे. तोपर्यंत इथं खाली "आमचं नाव का घेतलं नाही" म्हणून शिव्या घालू नका. आत्या आधीच घालतीय.