ग्राफिक्स कार्डचा वेग नेमका कुठे अडतो?

पडद्यावरचा हा आलेख पाहा; तो ग्राफिक्स कार्डाच्या मुख्य चिपचा वेग दाखवतो. चाचणी सुरू झाली तेव्हा चिप २०५० मेगाहर्ट्झवर चालत होती. ती तापू लागली तसा हा आकडा बारा-पंधरा मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरत गेला आणि काही मिनिटांनी २०१० च्या आसपास स्थिरावला. वेग बदलण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या स्लायडरला मात्र मधल्या काळात कोणी हातही लावलेला नाही.

एनव्हिडियाने २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० या कार्डाबरोबर ‘जीपीयू बूस्ट’ आणले. तेव्हापासून वीज, तापमान आणि व्होल्टेज यांचा अंदाज घेत कार्ड आपला वेग क्षणोक्षणी स्वतःच ठरवते. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्याच्या, म्हणजे ठरलेल्या वेगाहून चिप अधिक वेगाने चालवू पाहणाऱ्याच्या हाती उरते ती या निर्णयाला थोडे वर रेटण्याची मुभा.

बहुतेक वेळा पहिला अडसर येतो तो विजेचा. चिपला लागणारी वीज वारंवारतेच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. वारंवारता १० टक्क्यांनी वाढवली आणि त्यासाठी व्होल्टेज ५ टक्क्यांनी चढवावे लागले, तर विजेचा खर्च सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट मिळू शकतात. तरीही कार्डाच्या बायॉसमध्ये, म्हणजे कार्डातच साठवलेल्या मूळ नियंत्रक सॉफ्टवेअरमध्ये नोंदवलेली मर्यादा याहून बरीच कमी असू शकते, आणि कार्ड प्रमाण मानते ते बायॉसला. त्यामुळे या मर्यादेला टेकलेल्या कार्डाचे व्होल्टेज वाढवले, तर त्याचा वेग प्रत्यक्षात कमीही होऊ शकतो. उलट, त्याच वारंवारतेला थोडे कमी व्होल्टेज पुरत असेल, तर वाचलेल्या विजेवर कार्ड अधिक वेगाने धावते. म्हणूनच व्होल्टेज असे मुद्दाम कमी करण्याला, म्हणजे अंडरव्होल्टिंगला, निव्वळ काटकसरीचा उपाय समजणे चूक आहे.

उष्णतेचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे, कारण चिप जितकी तापते तितका तिच्यातील गळतीचा विद्युत्प्रवाह वाढतो आणि काहीही काम न करता विजेचा वाटा खातो. विक्रमांच्या मागे असलेले हौशी लोक उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन चिपवर ओततात, तेव्हा उष्णतेची अडचण मिटते. पण अनेकदा त्यांनाही वीजमर्यादा चुकवण्यासाठी बोर्डावर सोल्डरिंग करावे लागते. एकाच वेफरमधून (चिपा ज्यातून कापतात त्या सिलिकॉनच्या चकतीतून) निघालेल्या दोन चिपांची कुवत सारखी नसते, हे खरे असले तरी नशिबाला दोष देण्याआधी कार्ड कोणत्या मर्यादेला अडले आहे, हे जीपीयू-झेडसारख्या साधनात पाहून घ्यावे. कमी रिझोल्यूशनवर तर कार्ड अनेकदा संगणकाच्या प्रोसेसरची वाट पाहत बसलेले असते आणि तिथे कार्डाच्या ओव्हरक्लॉकचा फारसा उपयोग होत नाही.

सर्वांत फसवी असते ती मेमरी. चिपचा वेग झेपेनासा झाला की खेळ बंद पडतो किंवा ड्रायव्हर कोसळतो, म्हणजे चूक लगेच कळते. ग्राफिक्स कार्डांच्या मेमरीच्या जीडीडीआर५ या पिढीपासून मात्र मेमरीच्या देवाणघेवाणीत चुका ओळखण्याची सोय आहे, त्यामुळे बिघडलेली माहिती पुन्हा पाठवली जाते. पडद्यावर एकही ठिपका चुकत नाही, मेमरीचा आकडा वर गेलेला दिसतो आणि या फेरपाठवणीत वेळ गेल्याने दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स मात्र घटतात. म्हणून मेमरी ५०-५० मेगाहर्ट्झने वाढवत प्रत्येक पायरीवर तीच चाचणी पुन्हा घ्यावी, गुण लिहून ठेवावेत आणि ते पहिल्यांदा घसरले की त्याच्या आधीच्या पायरीवर परत यावे.