आर्नो: फ्लॉरेन्सची नदी, फ्लॉरेन्सचा धाक

आर्नो तशी लहानच नदी. इटलीतल्या मोन्ते फाल्तेरोना डोंगरावर उगम पावते आणि २४१ किलोमीटरमध्ये तिचा प्रवास आटोपतो. आपली भीमा तिच्या साडेतीनपट लांब आहे. पण या एवढ्याशा नदीनं तिच्या काठच्या माणसांना आठशे वर्षं स्वस्थ बसू दिलेलं नाही.

डोंगरातून ती आधी दक्षिणेला निघते. आरेत्सो शहर जवळ आलं, की एकाएकी वळते आणि वायव्येची वाट धरते. कवी दान्तेनं लिहून ठेवलंय, आर्नोनं आरेत्सोवाल्यांकडे बघून नाक मुरडलं. दान्ते फ्लॉरेन्सचा. शेजाऱ्यांना टोमणा मारायची संधी तो कशाला सोडेल!

आता आपण फ्लॉरेन्समध्ये, सान रेमीजोच्या गल्लीत आलो आहोत. कोपऱ्यावरच्या भिंतीत हा दगड बघा. त्यावर कोरलेला एक हात पाण्याच्या रेषेकडे बोट दाखवतोय. तारीख, ४ नोव्हेंबर १३३३. त्याच्या थोडी वर दुसरी पाटी. तारीख तीच, ४ नोव्हेंबर. साल १९६६.

१३३३च्या पुरात जुना पूल वाहून गेला. १३४५मध्ये उभा राहिला तो आजचा पोंते वेक्कियो. या पुलावर खाटकांची दुकानं होती आणि टाकाऊ मांस थेट नदीत जायचं. पुलावरून फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी मेदिची घराण्याचा खासगी मार्ग, त्यांना ती दुर्गंधी सोसेना. १५९३मध्ये त्याच घराण्यातल्या फेर्दिनांदो पहिला याने खाटकांना हटवून सोनारांना जागा दिली. ते अजून तिथंच आहेत. १९४४च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजेनं शहरातले बाकी सगळे पूल उडवले. हा एवढा ठेवला, पण दोन्ही टोकांची घरं पाडून वाट बुजवली.

१९६६चा पूर सुट्टीच्या दिवशी आला. दुकानं, कचेऱ्या बंद. हिवाळ्यासाठी घराघरांत भरून ठेवलेलं तेल टाक्या फोडून बाहेर आलं आणि चिखलात मिसळलं. सांता क्रोचे भागात पाणी सहा मीटरच्या वर चढलं. चित्रकार चिमाबुएच्या सातशे वर्षं जुन्या क्रुसावरचा निम्म्याहून जास्त रंग गेला. राष्ट्रीय ग्रंथालय तर नदीला खेटून. तिथली लाखो पुस्तकं भिजली. मग देशोदेशीची तरुण मुलं आली, तळघरापासून रांग लावली आणि चिखलानं जड झालेली पुस्तकं हातोहात वर काढली.

शहर संपता संपता कासिनेचं उद्यान लागतं. इथं मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते आणि याच संगमावर कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांचे अंत्यसंस्कार झाले. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय जेमतेम वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. नदीकाठी चिता रचायची म्हणजे खास परवानगी लागली. आज तिथं छत्री आहे आणि छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांनीच आखला. १९७८मध्ये जवळच मोठा पूल झाला, त्याचं नाव पोंते अल्लिंदियानो, म्हणजे भारतीय माणसाचा पूल. कोल्हापूरकरांनी फ्लॉरेन्सला जाऊन फक्त संग्रहालयं बघून परत येऊ नये, एवढं नक्की.

पुढे पिसा. फ्लॉरेन्सचं तेव्हा पिसाशी वैर. लिओनार्दो दा विंची आणि फ्लॉरेन्सचा मुत्सद्दी माकियावेल्ली यांनी १५०४मध्ये आर्नोलाच पिसापासून वळवून या शत्रूची कोंडी करायचा घाट घातला. खोदकाम सुरू झालं, पण पाऊस लागला आणि काठ ढासळले. नदी आपल्या जागी राहिली.

एकेकाळी पिसा समुद्राच्या जवळ होतं. आर्नोनं गाळ टाकटाकून किनारा पार दूर ढकलला. कलता मनोरा कलला तोही असल्याच भुसभुशीत गाळामुळे. आता मात्र उलटं झालंय. धरणांनी आणि वाळूउपशानं गाळ कमी केला, आणि मुखाशी, मरीना दी पिसाला, समुद्र किनारा खातोय. तिथं चौपाटीऐवजी मोठमोठ्या दगडांचे बांध आहेत.